कौतिकाबाईची एकवीस झाडं

वर्धा नदीच्या काठी, वरूडच्या मुलखात बोरखडी नावाचं लहानसं गाव आहे. श्रीनिवांतनाथ महाराज एका मार्गशीर्षात तिथे आले आणि गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात महिनाभर राहिले. बोलणं थोडं, खाणं त्याहून थोडं. दर्शनाला आलेल्या माणसाला ते आधी विचारत, "शेतात काय पेरलंय?" आणि तो सांगेल ते मन लावून ऐकत.

देवळाच्या वाटेवरच कौतिकाबाईची बाग होती. बाग म्हणजे संत्र्याची मोजून एकवीस झाडं. तिच्या नवऱ्याने, गणपत माळ्याने, जंबेरी लिंबाच्या रोपांवर संत्र्याचे डोळे स्वतः बसवून ती कलमं केली होती. झाडं तीन वर्षांची झाली आणि गणपत तापाने गेला. आता पाचवं वर्ष सरत होतं. झाडं माणसाच्या उंचीला आली होती आणि येत्या माघात त्यांना पहिला बहर धरायचा होता. कौतिकाबाई बागेकडे जाताना रोज देवळात पाण्याचा तांब्या ठेवी, महाराजांना नमस्कार करी आणि निघून जाई. मागणं तिने कधी घातलं नाही.

त्या मार्गशीर्षात बागेवर कोळशी आली. आठ-दहा दिवसांत हिरवीगार पानं चुलीतल्या काजळीसारखी काळी पडली. हात लावला तर बोटं काळी होत.

तिच्या बांधाला लागून यादवराव देशमुखांची तीनशे झाडांची बाग होती. देशमुख जाणते बागाईतदार. बागेतलं आपल्याला कळतं तेवढं पंचक्रोशीत कोणाला कळत नाही, असं ते मानत आणि बोलूनही दाखवत. एका सकाळी महाराजांपुढे पाच-पन्नास माणसं बसली होती, कौतिकाबाई तांब्या ठेवत होती, तेव्हा ते देवळात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "कौतिके, तुही झाडं तोडून जाळून टाक. तुह्यापायी माही बाग जाईन. तुले होत नसन तर मी माणसं पाठवतो."

"दादासाहेब, त्यायच्या हातची झाडं हायेत," एवढंच कौतिकाबाई म्हणाली.

महाराजांनी तिला एक पान आणायला सांगितलं. ते त्यांनी उलटं करून तळहातावर धरलं. पानाच्या खालच्या अंगाला मोहरीच्या सालीएवढे काळे ठिपके चिकटून बसले होते.

महाराज म्हणाले, "वर दिसते ती नुसती काजळी. रोग इथे बसलाय. हे किडे रस पितात, त्यांची चिकटी खालच्या पानावर गळते आणि तिच्यावर काजळी धरते. माय, रिठ्याच्या आणि निंबोळीच्या पाण्याने एकेक पान खालून धू."

देशमुख मोठ्याने हसले. "झाडायले न्हाऊ घालतं का कोनी, महाराज? मंग साडीचोळीही नेसवा!"

माणसंही हसली. महाराज रागावले नाहीत. "यादवा, आठ दिवस दे," ते म्हणाले.

"देल्ले. नवव्या दिवशी मी कुऱ्हाडी घेऊन येतो."

कौतिकाबाईने त्याच दिवशी काम धरलं. निंबोळ्या कुटायच्या, रिठे भिजवायचे, नाल्यावरून पाणी वाहायचं आणि झाडाखाली बसून पान न् पान फडक्याने पुसायचं. येणारेजाणारे विचारत, "काय कौतिकामाय, आज कोनाची आंघोळ?" ती मान वर करत नसे. दिवसाला दोन झाडं होत, कधी अडीच. सातव्या दिवशी पंधरावं झाड संपता संपता संत्र्याचा काटा तिच्या तळहातात खोल घुसला. आठव्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला आणि अंगात ताप भरला. डाव्या हाताने तिने सोळावं झाड धरून पाहिलं, पण फडकं पिळता येईना. सहा झाडं काळीच राहिली.

त्या संध्याकाळी देशमुखांनी महाराजांना आपल्या घरी जेवायला बोलावलं. घराची शोभा वाढावी हा हेतू होताच, पण महाराज गाव गोळा करून तिच्या मदतीला उभे करतील अशी त्यांना धास्तीही होती. महाराज लगेच निघाले. बागेवरून जाताना ते थांबले नाहीत. कौतिकाबाईने त्यांना देशमुखांच्या माणसांबरोबर जाताना पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "माह्याच्यानं झालं तेवढं झालं," ती स्वतःशी म्हणाली. मग हाताला हळद बांधून ती तिथेच बागेतल्या झोपडीत आडवी झाली.

देशमुखांनी महाराजांचे हातपाय धुतले, पुरणाचं जेवण वाढलं आणि ओसरीवरच्या खोलीत अंथरूण घातलं. रात्री महाराज उठून जातील या शंकेने ते स्वतः त्या खोलीच्या उंबऱ्याशी आडवे झाले.

सकाळी देशमुखांच्या पत्नी वत्सलाबाई महाराजांच्या हातावर पाणी घालू लागल्या आणि तांब्या धरून तशाच थांबल्या. मोरीत काळंभोर पाणी वाहत होतं!

"अहो, हे पाहा तरी," त्यांनी हाक मारली.

देशमुखांनी पाहिलं. महाराजांच्या नखांत काजळी होती, बोटांची कातडी रिठ्याने सुरकुतली होती. "महाराज, राती मी तुमचे हात धुतले तवा ते साफ होते. आन् मी तं उंबऱ्यातच निजलो होतो."

"निजला होतास ना?" महाराज शांतपणे म्हणाले. "चल, तुझी माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी आहेत."

बागेत पोहोचताच माणसं जागीच खिळली. एकवीसच्या एकवीस झाडं हिरवी उभी होती. शेवटच्या सहा झाडांच्या पानांतून अजून थेंब गळत होते आणि बुडाशी रिठ्याचा फेस होता. कौतिकाबाई झोपडीच्या दाराशी बसून नुसती पाहत होती. देशमुखांनी एक पान उलटलं, मग दुसरं, मग तिसरं. कुठे एक ठिपका नव्हता.

महाराजांनी बांधापलीकडे हात घालून देशमुखांच्या बागेतलं एक पान तोडलं आणि न बोलता त्यांच्या हातात दिलं. वरून ते हिरवं होतं. देशमुखांनी ते उलटं केलं. खाली काळे ठिपके चिकटून बसले होते.

"हे कवापासून?" त्यांनी विचारलं.

"बरेच दिवस झाले असतील. तुझ्याकडून तिच्याकडे गेले की तिच्याकडून तुझ्याकडे आले, ते किड्यांनाच ठाऊक."

देशमुखांनी पागोटं काढलं आणि ते महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "मी तर तुझ्या घरी जेवून झोपलो होतो. माझ्या पाया कशाला पडतोस? हात सुजेपर्यंत जिने पंधरा झाडं धुतली, ती तिथे बसलीय."

कौतिकाबाई गडबडून उठली. "नोका दादासाहेब, नोका," ती म्हणेपर्यंत देशमुखांनी तिच्यापुढे माथा टेकला होता. मग ती म्हणाली, "उठा आता. तुमची तीनशे झाडं हायेत. आजच रिठे भिजवा. हात बरा झाला का मीही येतो."

त्या दिवसापासून कुऱ्हाडी आणलेली माणसं फडकी घेऊन बसली. महाराज दोन दिवसांनी पुढच्या गावी गेले. माघात बांधाच्या दोन्ही बाजूंना बहर आला आणि देवळापर्यंत वास भरून राहिला.

देशमुख पुढे पुष्कळ वर्षं जगले. बागेत कोणी नवा माणूस आला की ते त्याला हे सगळं सांगत आणि शेवटी म्हणत, "मी उंबऱ्यात आडवा होतो, बाप्पा. मले ओलांडून महाराज कवा गेले आन् कवा आले, मले कळलं नाही." एवढं बोलून ते बांधापलीकडच्या एकवीस झाडांकडे वळत आणि हात जोडत.