लाल खुणेच्या पुढे

एकदा एका गावात एक सभापती होता, आणि गावच्या विहिरीची किल्ली त्याच्या खिशात असे. खालच्या आळीने त्याला मत दिले नाही, म्हणून ऐन वैशाखात त्याने विहिरीच्या जाळीला कुलूप ठोकले. बायका दोन कोस पायपीट करू लागल्या. ज्याने तक्रार केली, त्याच्या घरावरचे पत्रे दुसऱ्याच दिवशी उतरवले गेले. मग कोण बोलतो!

त्या गावातल्या चर्चचे एक वृद्ध पाळक होते. सभापतीने त्यांच्याकडे बायबल पाठवले. आत एका ओळीखाली लाल पेन्सिल ओढलेली होती : अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे. सोबत निरोप, "रविवारी हेच वाचा. मी पुढच्या खुर्चीत असेन."

पाळकांच्या हाताखाली शिकणारा नथनेल घाबरला. "पाळकसाहेब, आता काय करायचं?"

"वाचायचं की! तूच वाच. फक्त लाल खूण संपली म्हणून थांबू नकोस."

रविवारी नथनेलने वाचले. खूण संपली. पुढे लिहिले होते, की अधिकारी हा लोकांच्या भल्यासाठी नेमलेला देवाचा सेवक आहे. तोच पाळक उठले, खालच्या आळीतल्या एका म्हातारीला हाताला धरून सभापतीसमोर घेऊन आले आणि म्हणाले, "आजी, हे तुमचे सेवक. काय हवं ते यांना सांगा."

"पाणी," एवढेच म्हातारी बोलली. सभापती ताडकन उठला आणि चालता झाला.

"हे काय केलंत!" घरी येताच नथनेल रडकुंडीला आला. "आता आपलं काही खरं नाही!"

"मीही भ्यालोय रे," पाळक म्हणाले. "पण अर्धं वचन वाचलं की माणूस सत्तेलाच देव मानायला लागतो. शास्त्र सत्ता नाकारत नाही, तिला तिचं काम सांगतं. ते काम अडलं की आधी तहानेने कोण तडफडतं, हे तू रोज बघतोस. आपण गप्प बसलो, तर त्या कुलपाची दुसरी किल्ली आपल्याच खिशात!"

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. दारावर थाप पडली. "आज लाल खुणेच्या पुढे वाचलं कोणी?" सभापतीच्या माणसाने बाहेरूनच दरडावून विचारले.

पाळक उठू लागले. नथनेलने त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवले. त्याची भीती तसूभरही कमी झाली नव्हती, बरं का. त्याने दार उघडले.

"मी वाचलं," तो म्हणाला.