गोधडीची राहिलेली पट्टी

एका डोंगरगावात गोधड्या शिवणाऱ्यांचं घर होतं, आणि त्या घरात नुकतीच सून आली होती. गावची रीत अशी, की घराची गोधडी चौकोनीच हवी. सून माहेरच्या लुगड्याचा एक तुकडा आणी, तो गोधडीच्या कोपऱ्याला जोडत, आणि थंडीआधी गोधडी पुन्हा चौकोनी करत. नाही झाली, तर तुकडा उसवून सुनेसकट माहेरी पाठवत.

या घरची गोधडी दहा रांगांची, दर रांगेत दहा तुकडे. सासऱ्यांनी बसल्या जागी हिशेब सांगितला. दहा दाहे शंभर, एक एके एक. एकशे एक झाले, गोधडी झाली.

तुकडा जोडला गेला तो नुसता टोकाला टोक लावून. गोधडी ओढली की तो सुटायचा, आणि सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या आईच्या लुगड्यातच दम नाही." आईने ते लुगडं जेमतेम दोनदा नेसलं होतं. सून पुन्हा टाका घाली. राग दातांखाली धरलेल्या दोऱ्यासारखा तिथेच राही.

एके दिवशी तिने गोधडी अंगणात पसरली.

"मामंजी, माझा तुकडा धरून गोधडी चौकोनी व्हायची तर अकरा रांगांत अकरा-अकरा तुकडे, म्हणजे एकशे एकवीस. वीस कुठे गेले?"

"कुठे जातील?" सासरे हसले.

"इथे." तिने दोन मोकळ्या पट्ट्यांवर हात ठेवला. "एक खाली, एक बाजूला. दोन्हींत तुमचे दहा आणि माझा एक गुंतलेत. तुम्ही तुमचं मोजलंत, माझंही मोजलंत. दोघांचं मिळून जे होतं, तेवढं सोडलंत. एक पट्टी मी शिवते, एक घराने शिवावी."

तिने आपली शिवली. दुसरीला हात लावला नाही.

नवरा समजूत घालायला आला. "शिव ना तीही तूच. तुझा हात बसलाय."

"तुमचाही बसेल," ती म्हणाली.

थंडी तोंडावर आली. गोधड्या उन्हात टाकायच्या दिवशी सगळ्या गावाने ते भगदाड पाहिलं. सासूबाईंनी कात्री काढली, रीत म्हणजे रीत. तेवढ्यात गावातल्या थोरल्या आजींनी कुठली पट्टी कुणाची ते विचारून घेतलं.

"सुनेची तर भरलीय," त्या म्हणाल्या. "रिकामी आहे ती घराची. मग उसवायचं कुणाला?"

कात्री खाली ठेवली गेली. सासू, सासरे, नवरा तिघेही सुया घेऊन बसले. टाके वाकडे पडले, बोटं टोचली. सून समोरच बसली होती. ती उठली नाही.

तात्पर्य: दोन घरं नुसत्या बेरजेने जोडली जात नाहीत. तिथे गुणाकार लागतो, आणि त्यातला मधला वाटा एकट्या सुनेच्या सुईवर टाकता येत नाही.