संयमी मंडळींचा झिरा

बालमित्रांनो, एका जंगलात एक तरणे रानडुक्कर राहत असे, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना ते डोळ्यांसमोर नको असे. कासवगुरुजींची शाळा त्याने अर्ध्यावर सोडली होती. तिथे धडा एकच, सद्गुणाचा. कासवाला पळता येत नव्हते, म्हणून सावकाशपणा हा सद्गुण. लांडग्याचे दात पडले होते, म्हणून अहिंसा हा सद्गुण. अस्वलाला तर जागचे उठायचाच कंटाळा, म्हणून संयम हा सर्वांत थोर सद्गुण. आपल्याला जे जमत नाही ते पोरांच्या माथी मारायचे, अशी तिथली रीत.

त्या उन्हाळ्यात ओढा आटला. रानडुकराची धाकटी भावंडे जिभा काढून पडली. वाळूत खोल उकरले की तळाशी पाणी झिरपते, त्याला झिरा म्हणतात, हे त्याला आईने शिकवले होते. ते उकरू लागले तोच सावलीतून अस्वल म्हणाले, "अरे ए, वडीलधारे बसलेत ना इथे? जरा संयम ठेव."

"आजोबा, पोरं मरायला टेकलीत."

"मग त्यांनाही शिकव की संयम," कासव म्हणाले. "आज आमचा सत्कार आहे. टाळ्या वाजवायला थांब."

सत्कार झाला. लांडग्याने अस्वलाला पळसाच्या पानांची शाल घातली, अस्वलाने कासवाला, कासवाने लांडग्याला. अस्वलाने बसल्या बसल्याच भाषण ठोकले, "तहान लागली तरी जो मागे थांबतो, तोच खरा सद्गुणी."

रानडुकराने टाळ्या वाजवल्या नाहीत. ते नाकातोंडात वाळू घेऊन उकरतच राहिले, आणि भाषण संपायच्या आत पाणी लागले. पाण्याचा वास येताच सत्कारमूर्ती शालींसकट धावत सुटल्या. सगळ्यांच्या पुढे कासव होते.

रानडुक्कर झिऱ्यासमोर आडवे झाले. "गुरुजी, सावकाश. आजोबा, संयम. तुम्ही सद्गुणी, तुम्ही मागे थांबा. आम्ही वाया गेलेले, आम्ही आधी पितो."

लांडग्याने दातओठ खायला घेतले, पण ओठांवरच भागवावे लागले.

"अरे बाळा," अस्वल पुटपुटले, "ते भाषणात म्हणायचं असतं रे."

पोरे पोटभर प्याली. म्हाताऱ्यांच्या वाट्याला तळाचा गाळ आला.

तात्पर्य : ज्याला सद्गुण शिकवायची फार हौस आहे, त्याला एकदा रांगेत शेवटी उभे करून पाहावे.