कात्रीने ठेवलेली चिंधी

फार फार पूर्वी, तुमच्याइतक्याच रिकाम्या डोक्यात, म्हणजे म्हाताऱ्या गेनबाच्या डोक्यात, एक मज्जापेशी राहायची. गेनबाच्या कधीच गेलेल्या आईची हाक तिने जपली होती. "गेन्या, जेवायला ये रे!" ती हाक पुन्हा एकदा खरीखुरी ऐकू यावी म्हणून बिचारी झुरायची.

एकदा गेनबाला जबर ताप चढला. पेशीच्या आतल्या जनुकाने हुकमाची लांब पट्टी धाडली, "पेशीबाई, आता मरा." अशी पट्टी आली की पेशीतल्याच कात्रीने मधल्या बिनकामाच्या चिंध्या कापून फेकायच्या, उरलेले तुकडे जोडायचे, मग हुकूम लागू व्हायचा.

टकलावरची कातडीची पेशी वरून खिदळली, "मर की गं! आम्ही रोज मरतो, दुसऱ्या येतात."

"माझ्या जागी कुणी येत नाही गं," मज्जापेशी म्हणाली. "मग त्या हाकेला कोण सांभाळणार?"

कात्री मोठी खट्याळ. तिने पट्टी जोडताना एक चिंधी मुद्दाम मध्येच राहू दिली. हुकूम माझ्या अक्षरासारखा झाला, कुणाला वाचताच येईना. गेला कचऱ्यात!

ताप उतरला. संध्याकाळी गेनबा एकटाच पेज पीत बसला होता. अचानक थांबला आणि दाराकडे बघून म्हणाला, "आलो गं आई."

दारात कुणी नव्हतं.