नीलाडच्या पुलावरचा एक ओंडका

जपून या. देवदाराच्या ओंडक्यांचा हा पूल दिवाळीनंतर इथे दिसायचा नाही. आमचं नीलाड थंडीत बर्फाखाली जातं, म्हणून सगळं गाव मेंढरं घेऊन खालच्या गावी उतरतं आणि शेवटचा माणूस पार झाला की पूल काढून ओंडके काठावर रचतात. नाहीतर डोंगरावरून कोसळणारा बर्फ ते घेऊन जातो. फक्त एक ओंडका तसाच ठेवतात, आणि तो दरवर्षी वाहून जातो. तुम्ही पुण्याची माणसं 'का' विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणार नाही, म्हणून सांगते. मी मूळची चिपळूणची, लग्न होऊन इथे आले. मला हे सासूबाईंनी सांगितलं.

पूर्वी म्हणे सगळेच ओंडके काढत. एका साली बर्फ लवकर आला आणि गाव घाईने निघालं. हरमल नावाचा मेंढपाळ मागे मेंढरांबरोबर होता, त्याची बायको भागुली पुढे बायकांबरोबर. पूल यायच्या आधीच वाटेत तिला आठवलं, बियाण्याच्या बटाट्यांचा खड्डा नीट झाकलेला नाही. आत थंडी शिरली की बियाणं गेलं, मग उन्हाळ्यात पेरायचं काय? ती आडवाटेने परत वर गेली. बायकांना वाटलं, नवऱ्याबरोबर येईल. हरमलला वाटलं, ती केव्हाच पुढे गेली. पूल काढायची हाळी त्यानेच दिली, असं सांगतात.

शेवटचा ओंडका अलीकडे ओढला आणि पलीकडे भागुली येऊन उभी राहिली.

पूल घालायला दोन्ही काठांवर माणसं लागतात. इकडून ढकलायचं, तिकडून दोराने ओढायचं. तिकडे ती एकटीच. दोर फेकला, तिने हाताला गुंडाळून ओढला. ओंडका प्रवाहात घसरला आणि तिला फरफटत काठापर्यंत घेऊन आला. हरमल ओरडला, "सोड, भागुली, दोर सोड!" तिने सोडला. ओंडका गेला, दोरही गेला. बर्फ दाट होत चालला, पोरं गारठून रडेनाशी झाली. भागुली हाताने 'जा, जा' करत राहिली. "खड्डा झाकलाय," एवढंच ऐकू आलं म्हणे. हरमलला दोघांनी धरून नेलं. दुसरं कुणी काय करणार होतं?

बर्फ वितळून वरची खिंड उघडली, तेव्हा चौघं तिकडून वळसा घालून पलीकडे गेले, पूल घातला आणि गाव परतलं. बियाणं शाबूत होतं, त्या वर्षी गावाने तेच पेरलं. भागुली सापडली नाही. तिच्या घराचं छप्पर मात्र उतरवलेलं होतं. छपराचं आढं तिने काठापर्यंत ओढत आणलं होतं, आणि त्याचं टोक पाण्यावर पुढे आलेलं होतं. ते दोन हात कमी पडलं होतं. बर्फाने ते कसं नेलं नाही, देव जाणे. लोक म्हणतात, एकट्या बाईला एवढं लाकूड ओढवेल कसं? मला विचाराल तर ओढवेल.

आजही पूल निघतो तेव्हा एक ओंडका मागे राहतो. आता खाली लोखंडी पूल झालाय, निघताना घराघरांतल्या माणसांची नावंही पुकारतात, तरी राहतो. पहिल्या वर्षी मीच सासूबाईंना म्हटलं होतं, "सगळे तर आलेत, मग हा कुणासाठी?"

त्या म्हणाल्या, "हरमललाही तसंच वाटलं होतं, पोरी."