पार्थिव येईल

"पार्थिव म्हणजे काय हो, बुवा? पोथीतलं नको. सरळ सांगा."

अनसाबाईनं पाय धुतले नाहीत, नमस्कार केला नाही. मठाच्या ओसरीवर येऊन उभी राहिली आणि विचारलं.

दौलतगीर बुवा परातीत माती मळत होते. नदीकाठची काळी माती, चाळून घेतलेली. श्रावणातला सोमवार होता.

"मातीचं," बुवा म्हणाले.

"आणि त्याच्या उलट?"

"दिव्य. स्वर्गातलं."

"मग माझी पोर यातली कुठली? पेटीतून आली ती, का वर गेली ती?"

बुवांचे हात थांबले नाहीत.

अनसाबाई बुवांची जुनी शिष्या. गावात कुणी गेलं की हिला बोलावणं यायचं. ही जायची, रडणाऱ्या बाईला खडसावायची, "देह मातीचा गं! मातीसाठी काय गळा काढतेस? जीव वर गेला." बाया गप्प व्हायच्या. हिला वाटायचं, आपल्याला ज्ञान झालं. स्वतःची लेक गेली, त्यानंतर मात्र तिनं मठाची पायरी चढली नव्हती.

"मस्कतला नर्स होती," ती म्हणाली. बुवांना ठाऊक होतं, तरी म्हणाली. "शेवटच्या फोनवर म्हणते कशी, आई, एकजण आहे गं... मग सांगते. आणि हसली. मग फोनच नाही. मग कुणा एजंटाचा आला. 'मावशी, पार्थिव उद्या सकाळी येईल.'"

बुवांनी परातीत ओंजळभर पाणी घातलं.

"चौथी शिकलेली बाई मी! आमच्याकडं मेलेल्याला मयत म्हणतात. जाऊबाईच्या भाच्याचं नाव पार्थिव. मला वाटलं, हाच तो. जावई येतोय माझा! आणि त्या मेल्यानं 'येईल' म्हणावं? 'येतोय' नाही, 'येतंय' नाही. एवढ्यानंसुद्धा कळलं असतं मला."

"घरात कुणाला ठाऊक नव्हतं?"

"दिराला होतं. जीभ रेटली नाही त्याची. मी म्हटलं, भावजी, दाढी तरी करा, जावई येतोय. तर तोंड फिरवून गोठ्यात गेला."

ओसरीवर माती थापल्याचा तेवढा आवाज.

"पहाटे उठून पुरण वाटलं मी, बुवा..."

बुवांनी माती पुन्हा मळायला घेतली.

"गाडी दारात थांबली. मी भाकरतुकडा ओवाळायला उभी. आणि त्यांनी पेटी उतरवली. उघडायची नाही म्हणाले. हात लावायचा नाही. तशीच आली, तशीच नेली. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. पार्थिव कुठं ठेवायचं, पार्थिव कधी हलवायचं. अरे, नाव होतं ना तिला? मी ठेवलेलं. पाळण्यात, तिच्या कानात मी सांगितलेलं. एका सकाळीत पुसलं मेल्यांनी."

"तू घेतेस?"

"काय?"

"नाव."



"घेऊन काय करू? ओ कोण देणार?"

बुवांनी मातीचा गोळा काढला. "बस. पार्थिव झालं की पूजा करू."

ती चवताळलीच. "यालाही तेच म्हणता? पिंडी म्हणा की! आम्ही पिंडी म्हणतो."

"पोथीत पार्थिव म्हणतात."

"आणि ह्या चिखलात देव बोलवता?"

"हो."

"किती वेळ राहतो?"

"संध्याकाळपर्यंत. मग नदीत सोडायचं."

"सोडायचंच, तर बोलवायचा कशाला?"

बुवांनी गोळा तिच्या हातात दिला.

"मला पुण्य नको, बुवा. मला लेक पाहिजे."

तरी ती पाटासमोर बसली. तिनं गोळा फेकला नाही. मळून मळून मऊ झालेली माती. बुवांच्या हाताची ऊब होती तिला. अनसाबाईची बोटं पिंडी करायला लागली, पण पिंडी काही होईना. बोटं नुसती वरून खाली फिरत राहिली... पोरीचा भांग पाडावा तशी. मग अंगठा गालावरून फिरावा तसा फिरला. तिथं गाल नव्हता. तरी फिरला.

"पाटावर ठेव," बुवा म्हणाले.

तिनं ठेवला नाही. छातीशी धरला. चोळी चिखलानं भरली.

बुवा उठले. डोक्याचं मुंडासं काढून बाजूला ठेवलं. गुडघे धरत धरत खाली वाकले आणि त्या बिनआकाराच्या गोळ्यापुढं कपाळ टेकलं.

"बुवा, हे काय करता... पिंडी झाली नाही अजून."

"झालं ते पुष्कळ झालं. आता आवाहन."

"मला मंत्र येत नाही."

बुवांनी समई तिच्याजवळ सरकवली.

"मंत्र राहू दे. हाक मार."