राहेलबाईची विहीर

सालेमवाडीच्या चर्चमागे जुनी विहीर आहे. तिथे कुणी आपल्या हाताने पाणी पीत नाही. आपण हात पाठीमागे घ्यायचे आणि दुसऱ्याने तांब्या ओठांशी धरायचा. सवय नसेल तर दचकायला होतं. मी तर दोनदा दचकले. आणखी नवल म्हणजे, आभार पिणारा मानत नाही, पाजणारा मानतो. असं का, ते वाडीतले वयोवृद्ध येशूदासकाका शिरसाठ पाहुण्यांना सांगतात.

फार मागची गोष्ट. वाडीतल्या ख्रिस्ती लोकांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता, म्हणून त्यांनी ही विहीर स्वतः खणली, म्हणे. पाणी लागलं, आणि ते गावातल्या काहींना खुपलं. खंडू नावाच्या गड्याने वाडीतल्या कडब्याच्या गंजीला काडी लावली. वारा सुटला. राहेलबाई नावाच्या विधवेचं घर पेटलं आणि आत तापाने निजलेला तिचा एकुलता दावीद गेला.

त्या दिवसापासून प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर’ या ओळीशी राहेलबाईचा आवाज अडायचा. बाकीचे पुढे जायचे, ती मुकी उभी. देव थांबेल, असं चर्चच्या पाळकांनी समजावलं. ती म्हणाली, “देव थांबेल हो. पण मी त्या ओळीवर किती दिवस उभी राहू?”

खंडू रानात लपला होता. तिथलं डबकं आटलं तसा एका दुपारी तो कासावीस होऊन याच विहिरीवर आला. दोन्ही हात भाजून सुजलेले, पोहरा धरवेना. माणसं काठ्या घेऊन धावली. राहेलबाई पुढे झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, पहिला घाव हिचाच. तिने पोहरा विहिरीत सोडला.

“मावशे, काडी मीच लावली,” खंडू म्हणाला.

“ठाऊक आहे. आधी पाणी पी.”

तिने तांब्या त्याच्या तोंडाशी धरला. हात आग लावताना भाजले की पोराला ओढून काढायला धावताना, यावर वाडीत अजून दोन मतं आहेत. राहेलबाईने ते कधी विचारलं नाही, असे सांगतात. तो पीत असताना ती प्रार्थना पुटपुटू लागली, आणि या वेळी ओळ अडली नाही. तांब्या रिकामा झाल्यावर तीच त्याला म्हणाली, “उपकार झाले, बाबा.” काठ्या खाली आल्या.

आजही उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ज्यांचं बोलणं तुटलंय ती माणसं इथे येतात. यंदा दोन भाऊ आले होते. “पी आता. पण माझा बांध परत रेटू नकोस,” थोरला तांब्या धरून म्हणाला. धाकट्याला हसताना ठसका लागला. थोरल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, उरलेलं पाणी पाजलं, आणि मग हळूच म्हणाला, “उपकार झाले.”